एअरगनवर स्कोप बसवताना : भुसावळच्या सात आठवड्यांच्या नोंदी

वस्तू आधी सांगतो. नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली एअरगन, ४.५ मि.मी. म्हणजे ०.१७७. वर स्कोप पकडायला ११ मि.मी.ची डोव्हटेल (तिरप्या कडांची) खाच. २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवाना लागत नाही. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, ३-९×४० (तीन ते नऊ पट, पुढचं भिंग ४० मि.मी.), तिला धरणाऱ्या दोन सुट्या रिंगांसकट २,४०० रुपयांना मागवलेला. काम एवढंच की पंचवीस मीटरवर पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मि.मी.त झाकले जावेत, आणि आठ दिवसांनी बंदूक परत काढली तरी तिथंच लागावेत. दोन रविवारांत उरकेल असं धरलं होतं. मी लेथवाला आहे, पंपांचे शाफ्ट आणि बुश करतो, त्यामुळे चार स्क्रू आवळणं मला काय अवघड, हा माज होता. तो कुठे कुठे उतरला ते खाली येईलच.

६ एप्रिल, रविवार

जागा मेहुण्याच्या शेतात, तापीचा पूल ओलांडून यावल रस्त्याला. मागे विहिरीच्या खोदकामाचा पुरुषभर उंच ढीग आहे, त्याच्यापुढे पेटी ठेवली : फळ्यांचा डबा, आत वाळू, तोंडाला ट्रकच्या मडगार्डचं जाड रबर. छर्रा रबर भोकून वाळूत बसतो, उलटून येत नाही. लोखंडी पत्र्यावर मारू नका. चपटा झालेला छर्रा कुठेही उडतो.

पेटी मांडेपर्यंत बांधावर दोघं-तिघं जमलेच. "काय करू राह्यला भाऊ? डुकरं मारतो का?" रानडुकरांनी केळीच्या बागांचा काय हाल केलाय ते मलाही दिसतं, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि या बंदुकीने डुक्कर मरणार नाही, नुसतं जखमी होऊन रानात कुजेल. पाखरंसुद्धा नाही. हा कागदावरचा खेळ आहे, एवढं सांगितल्यावर गर्दी पांगली.

दहा मीटरवर वीस छर्ऱ्यांत आडवा नेम जुळला. पंचवीसवर गेलो तर छर्रे २२ सें.मी. खाली. वरचा टरेट (नेम वर-खाली करायचा स्कोपवरचा खुंटा) फिरवत गेलो, फिरवत गेलो, शेवटी तो अडला. वर जायचं संपलं आणि छर्रे तरी बोटभर खालीच. म्हटलं चालेल, बोटभर वर नेम धरू. (हे चालत नाही. का ते २३ तारखेला.) ग्रुप, म्हणजे पाच छर्ऱ्यांचा पसारा, पाच-सहा सें.मी.चा. तिसाव्या छर्ऱ्यानंतर तर सगळं डावीकडे निघालं.

दिवस गेला, छर्रे शंभर गेले.

१३ एप्रिल, रविवार

आठवडाभर स्कोपला शिव्या दिल्या. आज निघण्याआधी मुलीच्या नेलपेंटची बाटली घेतली आणि दोन बारीक रेघा मारल्या. एक रिंग आणि खाच यांच्या सांध्यावरून, दुसरी रिंग आणि स्कोपच्या नळीवरून. गुलाबी रंग होता, चांगला दिसतो.

चाळीस छर्ऱ्यांनी खाचेवरची रेघ तुटली. मागची रिंग ३ मि.मी. मागे, माझ्या डोळ्याकडे सरकलेली. नळीवरची रेघ शाबूत. म्हणजे स्कोप रिंगेत घट्ट होता, रिंगच बंदुकीवर घसरत होती.

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. दट्ट्या शेवटाला हवेच्या उशीवर आदळतो तेव्हा बंदूक पुढे हिसका खाते, आणि हा दुसरा हिसका जास्त तिखट. बंदूक पुढे जाते, वरचं वजन जागेवर राहू बघतं, म्हणून माउंट (स्कोप धरणारा जोड, इथे त्या रिंगा) मागे सरकतो. दारूच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेचा असतो, त्यामुळे शिकारीच्या मोठ्या रायफलीवर टिकलेला स्कोप इथे टिकेलच असं नाही.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा कळलं ते एवढंच की सैल आहे, आवळा. ॲलन कीला पाइपचा तुकडा लावला आणि आवळलं. खालचे स्क्रू तर आवळलेच, हात लागलाय तर वरचेही आवळले. मग झूमची रिंग फिरेना. खोलून पाहिलं तर स्कोपच्या नळीवर रिंगेच्या कडेचा वळ उठलेला, नख अडकेल एवढा. अर्धा मि.मी.ही नसेल, पण आतली दुसरी नळी त्याच पोकळीत हलते.

माझ्या धंद्यात पातळ पाइप चकमध्ये जास्त आवळला की अंडाकृती होतो, हे मी कामावरच्या पोरांना रोज सांगतो.

१६ एप्रिल, रात्री, दुकानात

एकसंध माउंट आला, ९५० रुपये. दोन्ही रिंगा एकाच पट्टीवर, खाली अडवायची पिन. पिन ज्या भोकात बसते ते भोक माझ्या बंदुकीवर नाहीच. मग काय, ड्रिल आपल्याच दुकानात. बंदूक व्हाइसमध्ये धरली, सेंटर पंचाची खूण केली, ३ मि.मी.चं बिट लावलं.

नशिबाने तेवढ्यात वरणगाव ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका बुश न्यायला आले. म्हणाले, "अरे, खाली काय आहे ते पाहिलं का?" खाली दट्ट्याची नळी. खाच त्याच नळीच्या पाठीवर कापलेली असते. भोक आरपार गेलं असतं तर आतून बुराच्या (भोकाच्या काठावर उरलेल्या खरखरीत धातूच्या) कडेने दट्ट्याचं सील पहिल्याच फटक्यात सोललं असतं आणि दाबही तिथून निसटला असता. बंदूक भंगारात. पंचाची ती खूण अजून आहे, बघितली की पोटात कसंतरी होतं.

त्याऐवजी एम.एस.चा (साध्या पोलादाचा) १५ मि.मी.चा तुकडा घेऊन खाचेच्या मापाचा ठोकळा केला, आडव्या दोन स्क्रूंनी आवळायचा, आणि खाचेच्या अगदी मागच्या टोकाला बसवला. माउंट त्याला टेकून. पिन काढून ठेवली. वेळ दोन तास, खर्च शून्य. हा ठोकळा बाजारात तयारही मिळतो, पण मला उद्यापर्यंत धीर नव्हता.

खाच आणि माउंटचे जबडे नेलपेंट काढायच्या द्रवाने पुसून कोरडे केले. कारखान्याचं तेल तिथे राहिलं की किती आवळा, घसरतंच.

२० एप्रिल, रविवार

पन्नास छर्रे, रेघ जागच्या जागी. माउंटचा प्रश्न मिटला.

ग्रुप मात्र साडेचार सें.मी. आणि तोही एका जागी थांबत नाही. साडेनऊनंतर उन्हात काळ्या जमिनीवरून वाफ अशी उठते की नऊ पटीवर कागद पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. बंदूक दहा मिनिटं गाडीच्या सीटवर ठेवली होती, उचलताना हात भाजला. खान्देशात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सहा ते आठ. त्यानंतर मारलेला छर्रा वहीत लिहूच नये, हा नियम केला. त्याआधी दोन तासांचे आकडे लिहून झाले होते, ते खोडले.

काकांना संध्याकाळी वही दाखवली. त्यांनी पाहून एकच विचारलं, "एका दिवसात किती गोष्टी बदलल्या?" मोजल्या. माउंट, छर्ऱ्याचा डबा, टेकायची पिशवी आणि झूम. चार.

२३ एप्रिल

टरेट शेवटाला नेऊन ठेवला होता, ते आज सोडवलं. स्कोपच्या आत क्रॉस (नेमाची फुली) धरणारी एक बारीक नळी असते. एका बाजूने तिला टरेटचा स्क्रू रेटतो, समोरून पट्टीची स्प्रिंग. टरेट टोकाला गेला की स्प्रिंगचा रेटा उरत नाही, आणि ती नळी प्रत्येक हिसक्याला थोडी वेगळ्या जागी बसते. बोटभर वर नेम धरून ते भरून निघत नाही, कारण बोटभर हे माप दर छर्ऱ्याला बदलत होतं.

आधी टरेट मध्यावर आणले. खोक्याच्या दोन बाजूंना व्हीच्या खाचा कापल्या, स्कोप त्यात ठेवून गोल फिरवला आणि समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहिलं. क्रॉस ठिपक्याभोवती वर्तुळ काढतो. वर्तुळ संपेपर्यंत दोन्ही टरेट थोडे थोडे फिरवायचे. अर्धा तास लागला, मान आखडली.

मग हिशोब. टरेट मध्यावर असताना छर्रे २२ सें.मी. खाली. त्यातला काही भाग साहजिक आहे, स्कोपच बंदुकीच्या नळीच्या साडेचार सें.मी. वर बसलाय आणि छर्रा वाटेत पडणारच. उरलेलं नळीचं खाली झुकणं, मोडायच्या बंदुकीत ते असतंच. उपाय म्हणजे मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली पत्री. माझ्या दोन रिंगांमधलं अंतर १०० मि.मी. मागे ०.१ मि.मी. उचललं की हजारात एक, म्हणजे पंचवीस मीटरवर २५ मि.मी. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा व्हर्निअरने मोजला, ०.१. चार थर घातले, १० सें.मी. वर आलं. उरलेले १२ सें.मी. टरेटने, ६६ क्लिक (टरेटचे टकटक टप्पे). शेवट अजून लांब आहे.

०.४ ही पत्री खरं तर जास्तच. रिंगेची कड नळीला परत चावू नये म्हणून लेथवर स्कोपच्या नळीच्या मापाचा, २५.४ मि.मी.चा सरळ रॉड काढला, त्याला गॅरेजवाल्याकडची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन्ही रिंगांच्या खालच्या अर्ध्या भागांत पुढेमागे घासला. रिंगेचा काळा रंग जिथे उडतो तिथे रॉड टेकतोय. सुरुवातीला नुसत्या दोन कडा चकाकल्या, वीस मिनिटांनी तळाचा बराचसा भाग. पेस्ट रॉकेलने धुवा, कण राहिला तर तो नळीत रुततो.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सहा दहा. पहिले पाच छर्रे ३१ मि.मी.त. दुसरे पाच २९. मेहुण्याला फोन करून सांगितलं, त्याने "बरं" म्हणून ठेवून दिला.

मग चौकोनाची चाचणी. मध्यावर पाच मारा, ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यात पाच. शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडले पाहिजेत. माझे दोन सें.मी. वर पडले. त्यातही पहिला छर्रा जुन्याच जागी, दुसरा मध्ये कुठेतरी, तिसऱ्यापासून नव्या जागी. परत केलं, परत तेच. वेगळ्या कोपऱ्यातून सुरू केलं तर चूक दुसऱ्या दिशेला.

सत्तर छर्रे संपले आणि दोष टरेटचा, माझा की वळ पडलेल्या नळीचा, काही सांगता येईना.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

दुकान बंद. बहीण भाच्याला घेऊन माहेरी आलेली, घरात सांजोऱ्या आणि आमरस. जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले, मी आणि भाचा दुकानात. तो दहा मीटर एअर रायफल खेळतो. त्यांच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, भोकातूनच नेम धरायचा, त्यामुळे माझ्या या उद्योगाकडे तो जरा वरूनच पाहतो. पण कामाची गोष्ट त्यानेच सुचवली : "मामा, छर्रा मारायचाच कशाला?"

शेपर मशीनवर ११ मि.मी.च्या डोव्हटेलची पट्टी काढली, व्हाइसमध्ये धरली, माउंट आणि स्कोप तिच्यावर. समोर गल्लीच्या टोकाला, टेपने मोजून पंचवीस मीटरवर, आलेखाचा कागद. आता बंदूक नाही, स्प्रिंग नाही, माझा श्वास नाही. नुसता टरेट फिरवायचा आणि क्रॉस कुठल्या रेघेवर येतो ते वाचायचं. पाव मिनिटाचा क्लिक (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग), म्हणजे या अंतरावर ४० क्लिकना ७३ मि.मी. व्हायला हवेत.

आडवे : ७०. चालेल.
उभे : ६१. उलट आणताना सुरुवातीच्या रेघेच्या ८ मि.मी. वरच थांबला. पहिल्या चार-पाच क्लिकना क्रॉस हललाच नाही. भाच्याने टरेटवर पेन्सिलने टकटक केलं तर एकदम उडी मारून खाली आला.

तीन रविवारांत जे कळलं नव्हतं ते पाऊण तासात, एकही छर्रा न घालवता.

आणखी एक. स्कोप न हलवता डोळा बाजूला नेला की क्रॉस कागदावर सरकत होता, सेंटिमीटरभर तरी. हा स्कोप शंभर यार्डांवर जुळवलेला, जवळच्या अंतराची सोय नाही. गाल एकाच जागी टेकला नाही तर दहाच्या नाण्याचा अर्धा व्यास इथेच गेला. भाचा म्हणाला, "म्हणूनच आमचे सर गालपट्टीसाठी ओरडतात." वर बहिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, खाली आम्ही दोघं कागदावर टिंबं काढत होतो.

४ मे, रविवार

चाळीसाव्या छर्ऱ्याला क्रॉस तिरपा झाला. स्कोप कानाशी हलवला, आत काहीतरी खुळखुळतं. सुरुवातीपासून साधारण साडेचारशे छर्रे झाले असतील.

विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. नळीवर वळ आहे म्हणाला, आणि वळ मीच पाडलेला, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. तरी खरं कारण तो वळ नसावा. खोलून पाहिला : पुढच्या बाजूचं एक भिंग आपल्या कड्यातून सुटलं होतं, त्याचं कडं फक्त एकाच दिशेने धरलेलं. पुढच्या हिसक्याला त्याला काही आधारच नव्हता. २,४०० रुपये.

११ मे, रविवार

नवा स्कोप ७,६०० रुपयांचा. तोही ३-९×४०, पण स्प्रिंगच्या एअरगनसाठी म्हणून बनवलेला, आणि पुढचं कडं फिरवून दहा यार्डांपासून जुळवता येतो. घरात किंमत पाच हजार सांगितली आहे.

बंदुकीवर चढवण्याआधी व्हाइस. उभे ४० क्लिक ७१, आडवे ७२, दोन्ही परत मूळ रेघेवर, फरक मि.मी.भर. वीस वेळा शेवटापर्यंत नेऊन आणला, परत मोजला, तोच आकडा. टकटक करून पाहिलं, हलला नाही. पेटीतून काढल्यावर ही चाचणी आधी करा, तेव्हा परत करता येतो.

बसवताना या वेळी : शेताच्या टोकाला ओळंबा लावला आणि क्रॉसची उभी रेघ दोऱ्याशी जुळवली, बंदुकीवर छोटी पाणसळ ठेवून. रिंगेचे वरचे स्क्रू ॲलन कीचं आखूड टोक दोन बोटांत धरून, कर्णरेषेत थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. खालचे माउंटचे स्क्रू जरा जास्त. पाइप घरी.

पाच छर्रे, २४ मि.मी. नाणं ठेवलं, झाकलं गेलं.

१८ मे, रविवार

सकाळी पहिला ग्रुप ४८ मि.मी. दुसरा ५२. रेघा शाबूत, ठोकळा शाबूत. सात हजार सहाशे डोळ्यांपुढे आले. तिथल्या तिथे स्कोप उतरवला, दुकानात आणला, व्हाइसमध्ये लावला. ७१, ७२, परत जागेवर. स्कोपला काही झालेलं नाही.

दुपारी बंदूक मांडीवर घेऊन नुसता बसलो होतो. लाकूड एका हातात, नळी दुसऱ्या, सहज पीळ दिला तर आवाज आला, कुरकुर. पुढच्या लाकडाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू एकेक फेरा सैल. सहा आठवडे मी वरचे स्क्रू मोजत होतो, खालच्यांना हात लावला नव्हता. स्प्रिंगच्या थरथरीने हे सैल होतातच, सगळ्यांना होतात. आणि एप्रिलमधल्या त्या पाच-सहा सें.मी.च्या ग्रुपमध्ये यांचा वाटा किती होता, ते आता कळायला मार्ग नाही.

निळं लॉक्टाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब, रात्रभर ठेवलं. लाल लावू नका, ते परत उघडायला तापवावं लागतं आणि खाली लाकूड आहे.

२५ मे, रविवार

रात्री वादळ झालं. यावल रस्त्याला बऱ्याच बागा आडव्या झाल्यात, मेहुण्याची वरची दोन रांगा. सकाळी तिकडे टेकू द्यायला सगळ्यांच्या बरोबर गेलो, आठ वाजता मेहुणाच म्हणाला, "बंदूक आणलीय तर मारून घे पाच, नाहीतर पावसाळाभर माझं डोकं खाशील."

गेल्या रविवारी उतरवून परत चढवलेला स्कोप. ठोकळ्याला टेकवून, त्याच रेघांवर. काही न जुळवता पाच छर्रे : मध्यापासून ६ मि.मी. उजवीकडे, ग्रुप २३. तीन क्लिक डावीकडे. पुढचे पाच मध्यावर, २५. चौकोनाची चाचणी केली, शेवटचे पाच पहिल्या पाचांवर.

खर्च : पहिला स्कोप २,४००, माउंट ९५०, दुसरा स्कोप ७,६००, छर्ऱ्यांचे तीन डबे ११००, लॉक्टाइट १८०. सरळ दुसऱ्या स्कोपवर गेलो असतो तर २,४०० आणि निदान एक डबा वाचला असता. पहिल्या स्कोपची पुढची भिंग मुलीने पानं जाळायला नेली आहे.

शेताच्या वाटेला चिखल झालाय, गाडी जात नाही. नळीला आतून तेलाचं फडकं फिरवून बंदूक कपाटावर ठेवली, स्प्रिंग सैल सोडून.